दोन अटी जुळवून एकच दर कसा शोधावा?

प्रश्न : एक्सेलमधील साठ्याच्या यादीत ‘ए’ स्तंभात वस्तूचे नाव, ‘बी’ स्तंभात आकार आणि ‘सी’ स्तंभात दर असून २ ते ५०० या ओळींत नोंदी आहेत. व्हीलुकअप हे शोध घेणारे फंक्शन वापरल्यास आकार कोणताही असला तरी त्या नावाच्या पहिल्या ओळीतील दरच मिळतो. दोन्ही अटी जुळवणारा अ‍ॅरे फॉर्म्युला (अनेक कक्षांवर एकदम काम करणारे सूत्र) सहकाऱ्याने दिला. तो त्याच्या संगणकावर चालतो, माझ्या एक्सेल २०१६ मध्ये मात्र एरर येते. असे का व्हावे?

उत्तर : व्हीलुकअप निवडलेल्या पट्ट्याच्या (कक्षांच्या सलग गटाच्या) पहिल्याच स्तंभात शोध घेतो, त्यामुळे दुसरी अट त्याला सांगण्याची सोयच नाही. अ‍ॅरे फॉर्म्युला निराळ्या मार्गाने जातो. नावांचा सगळा पट्टा हव्या असलेल्या नावाशी ताडून पाहिला की प्रत्येक ओळीसाठी ‘खरे’ किंवा ‘खोटे’ असे उत्तर मिळते. आकारांचा पट्टा तसाच ताडला की उत्तरांची दुसरी माळ तयार होते. आणि या दोन माळांचा गुणाकार केला की जिथे दोन्ही उत्तरे खरी असतील तिथे १ आणि इतरत्र ० उरतो. या गुणाकारात १ कितव्या स्थानी आहे ते मॅच हे फंक्शन शोधते आणि तो क्रमांक घेऊन इंडेक्स हे फंक्शन ‘सी’ स्तंभातील दर आणून देतो. तिन्ही पट्टे २ ते ५०० असे सारख्याच लांबीचे ठेवावेत. मॅचचा तिसरा घटक ० असलाच पाहिजे, कारण तो गाळल्यास यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असे गृहीत धरून शोध होतो.

आता एररविषयी. एक्सेल २०१९ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत असा फॉर्म्युला नुसत्या एंटरने न देता कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर या कळा एकत्र दाबून द्यावा लागतो. तसे केल्यावर त्याच्याभोवती महिरपी कंस आपोआप उमटतात. ते हाताने टंकल्यास एक्सेल त्या ओळीला साधा मजकूर समजते. एक्सेल २०२१ आणि ३६५ मध्ये नुसते एंटर पुरते, आणि तुमच्या सहकाऱ्याकडे यांपैकीच एखादी आवृत्ती असावी. गूगल शीट्समध्ये त्याच तीन कळा दाबल्या की फॉर्म्युला अ‍ॅरेफॉर्म्युला या फंक्शनमध्ये गुंडाळला जातो.

काही जण नाव आणि आकार ‘अँड’ (&) चिन्हाने जोडून शोधतात. पद्धत सोपी आहे, पण मध्ये एखादे विभाजक चिन्ह घातलेच पाहिजे. अन्यथा ‘१२’ व ‘३’ आणि ‘१’ व ‘२३’ या दोन्ही जोड्या ‘१२३’ अशाच दिसतात. यादी आपल्याच ताब्यात असेल तर अशा जोडमजकुराचा एक जादा स्तंभ करून ठेवणे मला अधिक पसंत आहे, कारण नंतर तपासणाऱ्याला तो डोळ्यांनी वाचता येतो. काही जण सुचवतात तो अटींनुसार बेरीज करणाऱ्या सम्‌इफ्‌सचा मार्ग मात्र जपून वापरावा : तीच जोडी यादीत दोनदा आली तर तो दोन्ही दरांची बेरीज देतो. इंडेक्स-मॅचही अशा वेळी निमूटपणे पहिलाच दर उचलतो, म्हणून अटींनुसार मोजणी करणाऱ्या काउंटइफ्‌सने प्रत्येक जोडी एकदाच येते ना, हे आधी पाहावे.

प्रश्न : एकाच वस्तूच्या सगळ्या ओळी हव्या असतील तर?

उत्तर : नव्या आवृत्त्यांत आणि गूगल शीट्समध्ये फिल्टर हे फंक्शन त्यासाठीच आहे. उत्तर खालच्या कक्षांत पसरते, त्यामुळे ते कक्ष रिकामे हवेत. तिथे काही लिहिलेले असल्यास एक्सेल स्पिल एरर दाखवते. एक्सेल २०१६ मध्ये इफच्या साहाय्याने जुळणाऱ्या ओळींचे क्रमांक काढावेत, स्मॉलने त्यांतील पहिला, दुसरा, तिसरा असे एकेक निवडावेत आणि ते इंडेक्सला द्यावेत. हा फॉर्म्युला त्याच तीन कळांनी द्यावा लागतो आणि ओळी वाढल्या की फाइल जड होते. जुळण्या संपल्यावर येणारी एरर इफएररने झाकता येते, परंतु ते अगदी शेवटी करावे, कारण पट्टा चुकला असल्यास ती चूकही त्याखाली लपते.