गुन्हेगारीमागचं जीवशास्त्र: सुरुवात कुठून?

घाबरू नकोस, मेंदूच्या भागांची नावं आत्ताच पाठ करत बसू नको. लोंब्रोसो हा इटलीचा डॉक्टर पटकन उरक, १८७६ मध्ये कवटी-जबड्यावरून जन्मजात गुन्हेगार ओळखू म्हणाला होता, ते केव्हाच मोडीत निघालंय. खरा वेळ एमएओए जीनला दे, म्हणजे मेंदूतली काही रसायनं मोडणारं एन्झाइम बनवणाऱ्या जीनला. १९९३ ला एका डच कुटुंबातल्या काही पुरुषांत तो बंदच सापडला आणि लोक ‘गुन्ह्याचा जीन’ म्हणत नाचायला लागले, पण २००२ च्या न्यूझीलंडमधल्या अभ्यासात दिसलं की जीन कमी चालणारा आणि त्यात लहानपणी छळ झालेला, असं दोन्ही जुळलं की समाजविघातक वागण्याचा धोका जास्त वाढतो.

नवीन लोक हमखास इथे चुकतात:
- सहसंबंधालाच कारण समजतात
- जुळ्यांच्या वागण्यातलं साम्य सगळं जीनमुळेच धरतात, जुळी भावंडं बहुतेकदा एकाच घरात वाढतात हे विसरतात

सेरोटोनिन वगैरे मेंदूतली रसायनं नंतर बघू.