अंगठा सोडवायचाय, पण मुलाला रडवून नाही

ह्या वेळी अंगठा चोखण्याबद्दल इतके प्रश्न आलेत की बाकीचे सगळे बाजूला ठेवून फक्त हेच घेतेय. मी लहान मुलांची डेंटिस्ट आहे. अंगठा चोखणारं मूल खुर्चीत बसलं की बहुतेक वेळा मुलापेक्षा आईच जास्त घाबरलेली असते. प्रश्न थोडे छोटे केलेत, गावाचं नाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न : मुलगी सात महिन्यांची आहे. दिवसभर अंगठा तोंडात. सासूबाई म्हणतात आत्ताच सवय मोडली नाही तर दात पुढे येतील, कडुनिंबाचा रस लावू या. लावू का? (सातारा)

नको ताई, काहीही लावू नका. चोखणं ही बाळाला लागलेली वाईट सवय नाहीये, ते जन्माच्या आधीपासून त्याच्याबरोबर आलंय. सोनोग्राफीत पोटातलं बाळ अंगठा तोंडात घालून असलेलं कितीतरी आयांनी बघितलंय. चोखता आलं नाही तर दूध पिता येणार नाही म्हणून निसर्गाने ते आधीच शिकवून पाठवलंय, आणि पोट भरल्यावरही बाळ चोखतं कारण त्याने ते शांत होतं, झोप लागते, आई दोन मिनिटं दिसली नाही तरी धीर धरता येतो. वटपत्रावर झोपलेला बाळमुकुंद पायाचा अंगठा चोखतोय ते चित्र सासूबाईंच्याही माहेरी भिंतीवर असेल, तेच त्यांना प्रेमाने दाखवा. दातांचं म्हणाल तर बहुतेक मुलं दोन ते चार वर्षांच्या मध्ये ही सवय आपोआप सोडतात, आणि तोपर्यंत सोडली तर पुढे शक्यतो काही राहत नाही. तुम्ही फक्त हात स्वच्छ ठेवा, नखं कापा कारण आता ती रांगायला लागेल, आणि पहिला दात दिसला की रोज रात्री तो ओल्या मऊ कापडाने पुसायला लागा. ह्या शेवटच्या गोष्टीकडे घरोघरी दुर्लक्ष होतं आणि त्याने होणारं नुकसान ह्या वयातल्या अंगठ्यापेक्षा खूप मोठं असतं.

प्रश्न : अंगठ्याऐवजी चोखणी दिली तर चालेल का? आमच्याकडे मधात बुडवून देतात. (जालना)

मध अजिबात नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध कुठल्याही रूपात द्यायचा नसतो, त्यात असलेल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. वर्षानंतरही मधात किंवा साखरेत बुडवलेली चोखणी म्हणजे दात किडायला आमंत्रण. नुसती चोखणी दातांवर साधारण अंगठ्यासारखाच परिणाम करते, एकच फायदा की ती एक दिवस काढून ठेवता येते, अंगठा कुठे काढून ठेवणार. दोरी लावून गळ्यात अडकवू नका.

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा. मधे सोडला होता अंगठा, पण धाकटी झाली आणि नर्सरी सुरू झाली तसा परत सुरू. ओरडलं की अजून जास्त. काय करू? (पुणे)

तुमच्याच प्रश्नात उत्तर आहे बघा. घरात बाळ आलं, आईची मांडी वाटली गेली, सकाळी अनोळखी बाईंकडे सोडून येतात, मग त्याच्याकडे त्याचं स्वतःचं असं उरलं काय तर अंगठा. त्यावर ओरडलात तर त्याला अजून एकटं वाटतं आणि एकटं वाटलं की परत अंगठा, हे चक्र फिरतच राहतं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक डेंटिस्ट्री ही लहान मुलांच्या डेंटिस्टची संस्था ३६ महिन्यांपर्यंत सवय सुटलेली बरी असं सांगते, म्हणजे आता लक्ष द्यायची वेळ झालीय हे खरं, पण लक्ष द्यायचं म्हणजे मागे लागायचं नाही.

एक आठवडा फक्त बघा, त्याला काही बोलू नका. वहीत किंवा फोनमध्ये लिहून ठेवा, अंगठा तोंडात कधी गेला, टीव्ही बघताना, गाडीत, भूक लागल्यावर, बाळाला पाजायला घेतल्यावर, झोपताना. आठवड्यात वेळा लगेच कळतात. मग त्या वेळी हाताला दुसरं काम द्या, टीव्हीसमोर बॉल किंवा मऊ खेळणं, बाळाला पाजताना त्याला शेजारी बसवून गोष्ट. दिवसातली पंधरा मिनिटं फक्त त्याची, धाकटीला आजीकडे देऊन आणि मोबाइल बाजूला ठेवून, हे मला सगळ्यात जास्त उपयोगी वाटतं. कॅलेंडरवर स्टार लावायचे असतील तर छोटं ठेवा, "आज दिवसभर नाही" हे साडेतीन वर्षांच्या मुलाला झेपत नाही, "गोष्ट संपेपर्यंत नाही" हे झेपतं. रात्रीचं सध्या राहू द्या, ते सगळ्यात शेवटी सुटतं.

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची, पहिलीत. रात्री झोपताना अंगठा लागतोच. खालचे दोन नवीन दात आलेत, पण दात मिटल्यावर पुढे फट राहते. दूध दातच आहेत म्हणून थांबलो होतो. उशीर झाला का? (नाशिक)

उशीर झालेला नाही, पण आता थांबू नका. आधी तोंडात काय होतंय ते सांगते.

दात जबड्यात खिळ्यासारखे ठोकलेले नसतात. आतून जीभ आणि बाहेरून ओठ आणि गाल ह्यांच्यामध्ये त्यांचा तोल साधलेला असतो. अंगठा तोंडात गेला की तो वरच्या दातांना पुढे रेटतो, खालच्यांना आत दाबतो, आणि मधे पाचर घातल्यासारखा बसतो, त्यामुळे येणाऱ्या दाताला पूर्ण खाली उतरायला जागाच मिळत नाही. त्याच वेळी जीभ टाळूवरून खाली दाबली जाते आणि चोखताना गाल आत ओढले जातात. म्हणजे वरच्या दाढांना आतून जिभेचा आधार नाही आणि बाहेरून गालांचा दाब, मग वरचा जबडा अरुंद होत जातो, टाळू खोल होते, आणि कधी वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसायला लागतात. पुढच्या फटीला आम्ही ओपन बाइट म्हणतो आणि दाढांच्या त्या प्रकाराला क्रॉसबाइट. ह्यात जोरापेक्षा वेळ महत्त्वाचा. हलका दाब असला तरी दिवसाचे साधारण सहा तास पडत राहिला तर दात हलतात, म्हणून दिवसा दोन मिनिटं अंगठा घालणाऱ्या मुलाचे दात सरळ राहतात आणि रात्रभर तोंडात ठेवून झोपणाऱ्याचे हलतात. तुमच्या मुलीचं रात्रीचंच आहे म्हणून ते छोटं समजू नका.

माझ्याकडे अशीच एक पहिलीतली मुलगी आली होती. तिला दात घट्ट मिटायला सांगितले तर दाढा एकमेकींवर बसल्या आणि पुढे एवढी फट की जिभेचं गुलाबी टोक बाहेर दिसत होतं. आईला म्हटलं डबा आहे का, तर पोळी-भाजी होती. पोळीचा तुकडा हातात दिला आणि पुढच्या दातांनी तोड म्हटलं, तिने मान वाकडी करून बाजूच्या दातांत धरली आणि हाताने खेचून तोडली, अगदी सवयीने. आई बघतच राहिली, रोज जेवायला शेजारी बसायची पण हे कधी लक्षात आलं नव्हतं. मग मी तिचे दोन्ही हात समोर धरले. नऊ बोटं शाळेतून आलेल्या मुलीची असतात तशी, स्केचपेनच्या शाईची, आणि एक अंगठा धुतल्यासारखा पांढरा, सुरकुतलेला, सांध्यावर छोटा घट्टा. कुठला हात ते विचारायचीसुद्धा गरज पडत नाही. तुम्हीही आज पोळीचा तुकडा देऊन बघा, आणि "सशाने ससूला साद दिली" असं काहीतरी म्हणायला सांगा, स म्हणताना जीभ फटीतून बाहेर येते का ते ऐका.

आता चांगली गोष्ट. वरचे पुढचे कायमचे दात साधारण सात ते आठ वर्षांच्या वयात येतात, म्हणजे तुमच्या हातात अजून वेळ आहे. ते येण्याआधी किंवा येत असताना सवय सुटली तर पुढची फट बऱ्याच मुलांत काही महिन्यांत आपोआप मिटत जाते, काही लावावं लागत नाही. क्रॉसबाइट मात्र सहसा आपोआप जात नाही, त्याला वरचा जबडा रुंद करणारं अप्लायन्स लागतं आणि ते वाढीच्या वयात केलेलं चांगलं. म्हणून डेंटिस्टकडून दाढा एकदा बघून घ्या. वरचे दात पुढे आले असतील तर अजून एक धोका, मूल पडलं की आधी तेच दात आपटतात आणि तुटतात.

रात्रीसाठी हाताला कॉटनचा मोजा, किंवा कोपराभोवती क्रेप बँडेज सैलसर गुंडाळायचं, म्हणजे झोपेत हात वाकला की ते जाणवतं आणि अंगठा बाहेर येतो. पण बँडेज आवळायचं नाही, बोटं थंड किंवा निळसर वाटली तर लगेच काढायचं. आणि हे तिला आधी समजावून, तिला हवं असेल तरच. सहा वर्षांच्या मुलीला आरशात फट दाखवून "नवीन दात येतायत, त्यांना जागा देऊ या का" असं विचारलं की ती हो म्हणते, मी अनेकदा बघितलंय.

प्रश्न : मुलगा पाच वर्षांचा. मिरची लावून झाली, वडील हात बांधतात, शाळेतल्या मुलांसमोर सांगून झालं. फरक नाही. अजून कडक काय करता येईल? (सोलापूर)

दादा, अजून कडक काहीच नको, उलट हे सगळं आजच बंद करा. मिरची लावलेला हात झोपेत डोळ्याला जातो. सतत ओल्या राहणाऱ्या अंगठ्याची त्वचा आधीच भेगाळलेली असते, नखाच्या कडेला नखुरडं झालेलं असतं. तशाच नखुरड्यावर मिरची लावलेला एक मुलगा माझ्याकडे आणला होता, अंगठा सुजून चकाकत होता आणि तो हात कोणालाच दाखवेना, माझ्यासमोरही पाठीमागे धरून उभा. त्याचा अंगठा सुटला नव्हता, तो फक्त पांघरुणाखाली चोखायला शिकला होता. हात बांधणं आणि चारचौघात लाज काढणं ह्यातून मूल तेवढंच शिकतं, लपवायचं कसं.

कडू नेलपेंट मिळतं ते वापरायला माझी हरकत नाही, पण मुलाने "मला विसरायला होतं, लावून दे" असं म्हटलं तरच. तेव्हा ती आठवण असते. न विचारता लावलं की तीच शिक्षा होते. आता महिनाभर अंगठ्याचा विषयच काढू नका, ही विश्रांती तुम्हा दोघांना हवीय. मग त्याला जवळ घेऊन सांगा की बाबा चुकले, आपण मिळून सोडवू. मुलं माफ करतात. आणि घरात काही ताण असेल, भांडणं, आजारपण, अंधाराची भीती, तर आधी तिकडे बघा.

प्रश्न : अंगठा चोखणाऱ्या मुलांना अ‍ॅलर्जी होत नाही असा फॉरवर्ड आलाय, खरं आहे का? (ठाणे)

अर्धवट खरं. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनमध्ये १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारेक मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केलाय, त्यात अंगठा चोखणाऱ्या आणि नखं खाणाऱ्या मुलांची त्वचेवरची अ‍ॅलर्जी टेस्ट कमी वेळा पॉझिटिव्ह आली, ते २०१६ साली छापून आलं. पण दमा किंवा धुळीने नाक वाहणं ह्यात फरक दिसला नाही. म्हणून त्यासाठी अंगठा चालू ठेवू नका.

प्रश्न : मुलगी अंगठा चोखत नाही तरी दात पुढे आणि तोंड उघडं टाकून झोपते. (कोल्हापूर)

घोरते का बघा. नाकामागच्या अ‍ॅडेनॉइड नावाच्या गाठी वाढल्या की मूल तोंडाने श्वास घेतं, आणि त्यानेही जबडा अरुंद व्हायला हातभार लागतो. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, मग माझ्यासारखीकडे. आणि आईवडिलांपैकी कोणाचे दात तसे असतील तर ते आनुवंशिकही असू शकतं.

प्रश्न : मी सहावीत आहे. मी झोपेत अंगठा चोखतो. दिवाळीनंतर शाळेचा कॅम्प आहे, सगळे एकत्र झोपणार. मला जायचंय पण भीती वाटते. (आईच्या फोनवरून)

बाळा, तू लिहिलंस हे फार चांगलं केलंस. पहिली गोष्ट, तुझ्या वयाची असं करणारी अजून मुलं आहेत, मी दर वर्षी बघते, ती तुझ्यासारखीच हुशार, दंगा करणारी, क्रिकेट खेळणारी असतात. झोपेत होतं त्यात तुझी चूक नाही.

दुसरी गोष्ट, तुला स्वतःला सोडायचंय ना, मग अर्धं काम झालंच. आजपासून झोपताना त्या अंगठ्याला कापडी चिकटपट्टी लाव आणि त्यावर मोजा किंवा हातमोजा घाल, मुद्दाम थोडा खरखरीत. झोपायच्या आधी मनातल्या मनात दहा वेळा म्हण, आज अंगठा बाहेर. सकाळी पट्टी जागेवर असेल तर कॅलेंडरवर एक टिक. मधे एखाद्या रात्री निसटलं तर आधीच्या टिक पुसून टाकू नकोस, पुढच्या रात्रीची टिक लाव.

महिन्याभरात फरक नाही पडला तर आईला हे वाचायला दे आणि डेंटिस्टकडे जा. ते वरच्या दाढांना बांधून टाळूजवळ एक छोटी तारेची जाळी बसवतात, बाहेरून कोणाला दिसत नाही. अंगठ्याला टाळू लागत नाही, त्यामुळे चोखण्यात मजाच राहत नाही. पहिले चार-पाच दिवस बोलताना जीभ अडखळते, जेवायला वेळ लागतो, मग सवय होते, आणि अंगठा सुटला तरी ती अजून काही महिने ठेवतात. दात पुढे आले असतील तर नंतर ब्रेसेस लागतील, ते तर तुझ्या वर्गात आत्ताच कितीतरी जणांना असतील.

कॅम्पला नक्की जा. तिथे मोजा घालायला लाज वाटली तर नुसती पट्टी लाव, कोणी विचारलं तर सांग लागलंय, आणि कडेची जागा पकडून झोप.