आईचे ओठ हलत होते

जानेवारी सरत आला की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. ३ तारखेला सावित्रीबाईंची जयंती, १२ ला जिजाऊंची आणि विवेकानंदांची, पुढे प्रजासत्ताक दिन. या दिवसांत गावोगावी निबंध आणि वक्तृत्व स्पर्धा होतात. कुठे नुसता चषक असतो, तर कुठे गावातली मंडळी वर्गणी काढून शिष्यवृत्ती देतात. मग माझ्याकडे समुपदेशनाला आलेले पालक विचारतात, "पोरगं स्टेजवर गेलं की गप्पच होतं. उभं करावं का नको? नाही केलं तर पैसे जातात, केलं तर पोर खचतं."

मला आठवते ती सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलेली सातवीतली मुलगी. तिच्या आणि आईच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे. वडील नाहीत. आई एका मेसला रोज दोनशे चपात्या लाटून देते.

"मॅडम, महिना झाला, पोरगी वर्गात तोंड उघडंना," आई म्हणाली. "हजेरीलासुदिक नुसता हात वर करती."

गावातल्या एका ट्रस्टने सावित्रीबाईंच्या जयंतीला वक्तृत्व स्पर्धा ठेवली होती. पहिल्या क्रमांकाला १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती. वर्गशिक्षकांनी तीन पानी भाषण लिहून दिलं, 'सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग'पासून सुरू होणारं. मुलीनं ते महिनाभर रोज संध्याकाळी दाराच्या चौकटीला टेकून म्हटलं, समोर आई पोळपाटावर. महिनाभरात आईचंही भाषण पाठ झालं. चौथी शिकलेल्या त्या बाईनं 'तत्कालीन सनातनी मानसिकतेच्या जोखडातून' हे मला एका दमात, न अडखळता म्हणून दाखवलं. अर्थ दोघींनाही ठाऊक नव्हता.

बोलण्याच्या क्रमासाठी चिठ्ठ्या टाकल्या, तिचा पहिलाच नंबर निघाला. दीडएक मिनिट बोलली आणि नेमकी त्या 'तत्कालीन'पाशी थांबली. आई दुसऱ्या रांगेत होती. आईचे ओठ हलायला लागले. आवाज नव्हता, पण पुढचा एकेक शब्द ती ओठांनी लेकीला देत होती. परीक्षकांतल्या एकांनी माइकवरून सांगितलं, "पालकांनी खाणाखुणा करू नयेत." सगळं सभागृह वळून त्या बाईकडे बघायला लागलं. मुलगी पायऱ्या उतरून तडक बाहेर गेली.

पहिल्या दोन भेटी मी श्वासाच्या व्यायामांवर घालवल्या. व्यासपीठाची भीती असं धरून चालले होते, आणि ते चुकलं. तिसऱ्या वेळी तिला त्या दिवसाचं चित्र काढायला दिलं. तिनं व्यासपीठ कोपऱ्यात बोटभर काढलं आणि उरलेल्या कागदावर खुर्च्याच खुर्च्या. सगळ्या रिकाम्या, एकीवर आई. मग खाली मान घालून म्हणाली, "भाषण इसरलं त्याचं काय न्हाई. आईचं धा हजार गेलं. आन् आईला समद्यांम्होरं बोललं."

तेरा वर्षांची मुलगी महिनाभर घराचे दहा हजार खांद्यावर घेऊन फिरत होती. कुणी ते मुद्दाम दिले नव्हते. "नंबर आला तर क्लासची फी निघंल," एवढंच आई कधीतरी लाटता लाटता बोलून गेली होती. मुलं असलं वाक्य विसरत नाहीत.

म्हणून भाषण बाजूला ठेवलं आणि आम्ही तिघी पैशांबद्दल बोललो, मुलीसमोर, स्वच्छ. पैशांची काळजी मोठ्यांनी करायची, हे आईनं तिला स्वतःच्या तोंडानं सांगितलं. मी त्यांना राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची माहिती दिली, जिला शाळांत एनएमएमएस म्हणतात. आठवीत परीक्षा असते. मूल सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत हवं, घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. आईला याचा पत्ता नव्हता. मुलीनं माझ्या टेबलावरची पेन्सिल उचलली आणि चित्राच्या कडेला बाराचोक अठ्ठेचाळीस मांडलं. महिन्याभरात पहिल्यांदा तिनं आपणहून काहीतरी केलं होतं.

भाषणाकडे आम्ही नंतर वळलो. शब्दन् शब्द पाठ केलेल्या मजकुरात प्रत्येक शब्द पुढच्याला ओढून आणतो. एक निसटला की धरायला काही उरत नाही, कारण अर्थ आपण डोक्यात घेतलेलाच नसतो. त्यात भीतीनं ॲड्रेनालिन वाढतं, छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, आणि लक्ष मजकुरावरून उडून धडधडीवर जातं. ही मुलगी कबड्डी खेळायची. मी विचारलं, "चढाईला जाताना धडधडतं का?" "लई." "मग न जाताच मागे फिरतेस का?" ती हसली. "न्हाई. तवा बरं वाटतं." शरीर तेच, धडधड तीच, आपण तिला नाव वेगळं देतो. ॲलिसन वुड ब्रुक्स या अमेरिकन संशोधिकेचा २०१४ सालचा अभ्यास इथे मला उपयोगी पडतो. भाषणाआधी 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा 'मला उत्साह आलाय' म्हणणाऱ्यांची भाषणं ऐकणाऱ्यांना जास्त पटली. म्हणूनच "घाबरू नकोस" हे मी मुलांना सांगणं सोडून दिलं आहे.

बाकी सगळं संथपणे चाललं. आधी हजेरीला तोंडानं "हजर", मग धड्यातली एक ओळ, मग एक परिच्छेद. नव्या वर्गशिक्षिकेनं मनापासून साथ दिली. यात जुलै उजाडला.

त्याच सुमारास स्पर्धा भरवणारे निवृत्त मुख्याध्यापक माझ्याकडे आले. मुलीच्या आईकडून त्यांना सगळं कळलं होतं. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, आमच्याच मांडवात पोर मोडलं. बंद करून टाकावी का स्पर्धा?"

मी नको म्हटलं. मेसच्या चपात्या लाटणाऱ्या बाईच्या मुलीचं बोलणं शंभर मोठी माणसं पाच मिनिटं गप्प बसून ऐकतात, असं तिच्या गावात दुसरं ठिकाण कुठलं? ते मोडायचं नाही. पण मी गुणांचा तक्ता मागवला. ५० गुणांत पाठांतर १०, हावभाव १०, शुद्ध उच्चार १०, वेळेचं भान १०, आशय १०. म्हणजे बोलण्यात काही आहे का याला पाचवा हिस्सा, आणि घरात 'पानी' म्हणणाऱ्या पोरानं 'पाणी' म्हटलं का यालाही तेवढाच. या उच्चाराच्या गुणांचा मला मनापासून राग येतो. तिथे मुलाच्या घराला गुण पडतात, मुलाला नाही.

सरांना मी मुक्ता साळवेची आठवण करून दिली. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली चौदा वर्षांची मुलगी. आपल्या लोकांच्या दुःखाविषयी तिनं निबंध लिहिला आणि १८५५ साली तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. आजही तो वाचला जातो, कारण तिनं भोगलेलं, पाहिलेलं त्यात आहे. "सर, तो निबंध आपल्या तक्त्यात बसवला तर किती गुण पडतील?" सर बराच वेळ तक्ता बघत राहिले. मग खिशातून पेन काढून त्यांनीच पाठांतर आणि हावभाव यांवर रेघ मारली. उच्चारांच्या जागी 'ऐकणाऱ्याला समजलं का' असं लिहिलं.

पुढे दोन-तीन बैठकांत स्पर्धेचं रूपच बदललं. भाषण घरून आणायचं नाही. आधी सभागृहातच एका तासात निबंध लिहायचा, तीन विषयांतला एक निवडून, तिन्ही रोजच्या जगण्यातले. आठवड्यानं त्याच निबंधावर बोलायचं. हातात चिठ्ठी चालेल, अडलं तर थांबायला हरकत नाही, आणि मूल थांबलेलं असताना घंटा वाजवायची नाही. पहिलं भाषण आदल्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्यानं करायचं, स्पर्धेबाहेर. सगळ्यात आधी बोलणाऱ्याचं नुकसान होतं, हा नुसता समज नाही. ब्रसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धेच्या निकालांचा अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा क्रम चिठ्ठीनं ठरत असूनही आधी वाजवणारे निकालात मागे पडण्याचा कल दिसला होता.

पैशांवर मात्र वाद झाला. देणगीदारांना व्यासपीठावर मोठ्या आकड्याचा धनादेश द्यायचा होता. मी हटून बसले. अखेर ठरलं की व्यासपीठावर फक्त पुस्तकं आणि प्रमाणपत्रं द्यायची. शिष्यवृत्तीची रक्कम पाच मुलांत वाटायची, निबंध, भाषण आणि घरची गरज तिन्ही पाहून, आणि पत्र पंधरा दिवसांनी पालकांच्या हातात द्यायचं. पाच मिनिटांच्या बोलण्यावर घराची फी टांगलेली नको, एवढंच मला हवं होतं.

उभं करावं का नको, असं आता कुणी विचारलं तर मी पालकांना एक करून बघायला सांगते. जेवताना, कागद बाजूला ठेवून, "तू काय बोलणार आहेस ते मला सांग" म्हणा. मूल आपल्या बोलीत, मागेपुढे करत का होईना, सांगू शकलं तर खुशाल उभं करा. नुसतं पहिल्या ओळीपासून घडाघडा म्हणायला लागलं तर मजकूर बदला, मुलाला दोष देऊ नका. बक्षिसाच्या आकड्याचा हिशेब त्याच्या कानावर घालू नका. आणि अडखळल्यानंतर दोन-तीन आठवडे उलटूनही मूल वर्गात बोलत नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर 'होईल सवयीनं' म्हणत थांबू नका.

पुढच्या जानेवारीत ती आठवीत होती. एनएमएमएसची परीक्षा देऊन झाली होती, निकाल यायचा होता. निबंधाला तिनं 'आमच्या घरातलं एक काम' हा विषय घेतला. आठवड्यानं बोलायला उभी राहिली तेव्हा हातातल्या चिठ्ठीवर तीन शब्द होते: पीठ, मनगट, ताट. दोनशे चपात्यांना किती पीठ लागतं, रात्री आईचं उजवं मनगट कसं सुजतं आणि त्याला ती हळद कशी लावते, हे तिनं सांगितलं. आणि मेसमधली मुलं ताटात अर्धी चपाती टाकून उठतात, ती अर्धी लाटायला किती वेळ लागतो, तेही. मध्येच एकदा थांबली, चिठ्ठी बघितली. घंटा वाजली नाही.

मी दुसऱ्या रांगेत आईच्या शेजारी बसले होते. तिचे ओठ हलत नव्हते. हे भाषण तिनं आधी ऐकलंच नव्हतं.