सासूबाईंना होडीत बसायचंय

«मावशी, मी ४३ वर्षांची, ठाण्यात नौपाड्यात राहते, नोकरी करते. गेल्या दिवाळीपासून दर रविवारी संध्याकाळी टॅरोची, म्हणजे भविष्य बघायच्या पत्त्यांची, तीन पानं काढते. प्रश्न एकच: या आठवड्यात मला आनंद कुठे मिळेल? मोठा नाही, रोजचा, साधा. पानं काय म्हणतात ते वहीत लिहून ठेवते. सुरुवातीला छान वाटायचं. आता नवरा म्हणतो, "हे खूळ कधी संपणार?" दहावीतला मुलगा मित्रांसमोर "आमच्या ज्योतिषीणबाई" म्हणून चिडवतो. मागच्या महिन्यात तर सगळी नीरस पानं आली. एकदा फोर ऑफ कप्स आलं, बघूनच मूड गेला, म्हणून परत पिसून दुसरं काढलं. आणि नेमकं त्याच वेळी घरात सगळ्यांना काहीतरी हवं असतं. मुलाला खायला, नवऱ्याला इस्त्रीचा शर्ट, सासूबाईंना (७४, मूळच्या दाभोळच्या) मध्येच तलावपाळीला होडीत बसायचंय. माझी दहा मिनिटं कुणाला बघवत नाहीत. एक ताई व्हॉट्सॲपवर दर आठवड्याला पानं काढून त्यांचा अर्थ पाठवतात, महिन्याचे दोन हजार. लावू का? आणि ही अंधश्रद्धा नाही हे नवऱ्याला कसं पटवू?
— नाराज, नौपाडा»

अगं नाराज,

दोन हजार देऊ नकोस. नवऱ्याला काही पटवू नकोस, इस्त्री कुठे ठेवलीय तेवढं दाखव. तुझे दोन्ही प्रश्न संपले. आता मला बोलायचंय ते तू न विचारलेल्या गोष्टीबद्दल.

सासूबाईंना होडीत बसायचंय.

तुझं मूळ पत्र बरंच लांब होतं, मी आटोपशीर करून छापलंय. त्यात नवऱ्याच्या टोमण्यांना दीड पान, मुलाला अर्धं, आणि होडीला एवढे चार शब्द. तेसुद्धा कटकटींच्या यादीत, इस्त्रीच्या शर्टाला खेटून. मी ते वाचलं आणि चहा खाली ठेवला.

आपल्याकडच्या सासवा काय काय मागतात ते आठव. डॉक्टरची वेळ मागतात. गॅसवरचं दूध बघ म्हणतात. कोपिनेश्वराला नेऊन आण म्हणतात. मजा मागत नाहीत. मजा हवीच असेल तर तिला आधी कारण चिकटवतात: नातवाला जरा फिरवून आणते, देवळात चाललेच आहे तर पलीकडे तलावावर वारा खाऊन येऊ. इथे ७४ वर्षांच्या बाईने नातवाची ढाल केली नाही, देवाचं नाव पुढे केलं नाही. सरळ सांगितलं, मला होडीत बसायचंय. हे बोलण्याआधी त्यांनी किती दिवस मनात घोळवलं असेल, सांग बरं. तू म्हणतेस "मध्येच". मध्येच नसतं गं ते. तू निवांत दिसलीस, म्हणून त्यांनी ती वेळ धरली असणार.

टॅरोवरून मी तुला झापणार नाही. मला पत्ते आवडतात. मे महिन्याच्या सुट्टीत झब्बू आणि बदाम सात खेळून वाढलेली मी. तुझी ही पानंही मुळात त्याच घराण्यातली. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत निघाली ती डाव मांडायला, मजा करायला. ७८ पानांतली ५६ तर आपल्या कॅटची चुलत भावंडंच: चार रंग, एक्क्यापासून दश्शीपर्यंत, वर राजा-राणी आणि मंडळी. उरलेली २२ म्हणजे हुकमाची पानं. फ्रान्समध्ये आजही टॅरो हा चौघांनी बसून खेळायचा डाव आहे. भविष्याची टूम बोकाळली ती फार नंतर. १७८१ साली कूर द जेबलॅं नावाच्या एका फ्रेंच गृहस्थाने, कसलाही पुरावा नसताना, ही पानं म्हणजे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान असं छापून टाकलं, आणि लोकांनी ते उचलून धरलं. म्हणजे तीनशे वर्षं ज्या पत्त्यांनी नुसती करमणूक केली, त्यांनाच आता तू एकटी बसून विचारतेस की करमणूक कुठे मिळेल. मला हसू आलं, राग मानू नकोस.

आता तुझं ते फोर ऑफ कप्स. बदाम चव्वीच म्हण. तुझा जोड बहुतेक १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या पत्त्यांवरचाच असणार, बाजारात मिळणारे बरेचसे तसलेच असतात. त्यातली चित्रं पामेला कोलमन स्मिथ नावाच्या बाईने काढली. तिच्या आधीच्या बहुतेक जोडांत लहान पानांवर नुसते पेले, तलवारी मोजून मांडलेल्या असायच्या. हिने तिथे माणसं आणून बसवली. त्या पानावर कोण बसलंय ते बघितलंस का, की नीरस म्हणून उलटंच टाकलंस? झाडाखाली एक पोरगा बसलाय, हाताची घडी, मान खाली. समोर गवतावर तीन पेले. आणि ढगातून एक हात चौथा पेला घेऊन त्याच्या अगदी पुढ्यात आलाय. हा ढिम्म बघत नाही.

तू ते परत पिसलंस.

त्याच रविवारी सासूबाईंनी होडीचं काढलं होतं की दुसऱ्या कुठल्या, मला माहीत नाही, आणि मी ते जुळवत बसणार नाही. पान खरं बोललं असंही म्हणत नाही. कागदाला काय कळतंय. पण रोजचा, साधा आनंद कुठे, हा तुझा प्रश्न. तुझ्या घरात त्याचं उत्तर एकाच माणसाकडे तयार होतं, ठिकाणासकट, आणि त्या माणसाला तू "माझी दहा मिनिटं बघवत नाहीत" वाल्यांत ढकललंस. माझी सहानुभूती हवी असेल तर या वेळी ती दाभोळच्या बाईंना देऊन झालीय.

दाभोळची बाई म्हणजे वाशिष्ठीच्या खाडीकाठची. पलीकडे धोपाव्याला जायचं तर पाण्यावरूनच. त्यांना होडीत लहानपण शोधायचंय की नुसतं पायाखाली काहीतरी हलायला हवंय, ते मला कसं कळणार? तू विचारलंस तर कळेल. तू विचारलं नाहीस, हे तुझ्या पत्रावरून दिसतंच आहे.

जाता जाता माझंही सांगते. माझ्या आईने एकदा राममारुती रोडवर कालाखट्टा गोळा मागितला होता. मी म्हटलं, घसा धरेल. त्यानंतर अकरा वर्षं तिचा घसा ठणठणीत होता. गोळा तिने पुन्हा मागितला नाही.

तर येत्या रविवारी, पानं मांडायच्या वेळेला, सासूबाईंना घेऊन मासुंद्यावर, म्हणजे तुमच्या तलावपाळीच्या तलावावर, जायचं. ऊन उतरलं की निघ, साडेपाचच्या सुमाराला. रिक्षा काठापर्यंत ने, त्यांना चालवू नकोस. पायडलच्या होडीत गुडघे दुमडायला त्रास होईल, तेव्हा माणूस चालवतो अशी होडी आहे का ते आधी विचार. लाइफ जॅकेट घालायला त्या नाही म्हणतील, दाभोळला कुणी घालत नव्हतं म्हणतील. घालायला लाव. पदर आत खोचून दे.

आणि तिकिटं दोन काढायची. हे नीट वाच. आपल्या बायकांना एक वाईट खोड असते: म्हाताऱ्या माणसाला होडीत बसवायचं आणि आपण काठावर दोन पर्सा आणि चपला सांभाळत, फोटो काढत उभं राहायचं. मग घरी येऊन दमलेल्या आवाजात सांगायचं, "नेऊन आणलं हो एकदाचं." पुण्य गाठीला बांधायला मी तुला पाठवत नाहीये. तू आत बसायचं. त्यांच्या शेजारी नको, समोर, म्हणजे तोंड दिसेल.

फार काही होईल असं धरून जाऊ नकोस. पाण्याला वास येईल. भोवतीच्या रस्त्यावरचे हॉर्न वाजत राहतील, कुणाचा तरी पोरगा भेळेसाठी भोकाड पसरेल. सासूबाई पाच मिनिटांत म्हणतील, "एवढंच होय, आमची खाडी केवढी!" म्हणू देत. खाडी केवढी होती ते विचार मग.

पानं घरी ठेव. त्या दिवशी वहीतही काही लिहू नकोस, झालं-नाही झालंच्या खुणा नकोत. पुढच्या रविवारी वाटलं तर खुशाल काढ तीन पानं, मी कोण नाही म्हणणार. फक्त जे येईल ते परत पिसायचं नाही.

मुलगा दात काढत मागून आलाच तर येऊ दे. त्याचं तिकीट त्याच्या खिशातून.

— मावशी