डोळ्यातल्या पाण्याचा थेंब

प्रश्न : माझ्या आईचं वय 58, मधुमेह 14 वर्षांचा. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला सूज आहे. उजव्या डोळ्यात दोन इंजेक्शनं झाली. तिसऱ्याच्या वेळी डोळ्याच्या पुढच्या भागातलं थोडं पाणी काढून त्यातली प्रथिनं मोजू, हे संशोधनासाठी आहे, असं सांगून डॉक्टरांनी संमतीचा कागद दिला. आई घाबरली आहे. पाणी काढलं तर डोळा कोरडा पडेल, असं तिला वाटतं. या रिपोर्टवरून पुढचं इंजेक्शन कोणतं ते ठरेल का? आणि तिच्या आहारातली प्रथिनं कमी करायची का?

उत्तर : शेवटचं आधी. आहाराशी याचा संबंध नाही. ही प्रथिनं डोळ्यातल्या पेशी स्वतः तयार करतात, किंवा पाझरणाऱ्या रक्तवाहिन्यांतून ती तिथे उतरतात. आईचं जेवण उगाच तोडू नका. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी काही सांगितलं असेल तर ते वेगळं.

आता आईंच्या भीतीबद्दल. अश्रू वेगळे आणि हे पाणी वेगळं. हे पाणी पारदर्शक पटलामागे असतं, सगळं मिळून साधारण पाव मिली. त्यातलं 0.1 मिलीच्या आसपास अगदी बारीक सुईने काढतात. डोळा दर मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर नवं पाणी बनवत असतो, म्हणजे तासाभरात भरपाई होते. धोका मुळीच नाही असं मी म्हणणार नाही. जंतुसंसर्ग होऊ शकतो, सुई नेत्रभिंगाला लागू शकते. पण निर्जंतुक खोलीत, सरावाच्या हाताने केलं तर हे क्वचित घडतं.

मी पडद्याच्या शस्त्रक्रिया करायचो. अशा नमुन्यांच्या कित्येक कुप्या माझ्या हातून बर्फात गेल्या. शस्त्रक्रियेत डोळ्यात सलाईन सुरू करण्याआधी मागचा जेलीसारखा द्रव अर्धा-एक मिली काढून घ्यायचा, नाहीतर तो पातळ होतो आणि आकड्याला अर्थ राहत नाही. एकदा एका नमुन्याला किंचित गुलाबी झाक दिसली. मी म्हटलं, पाठवून देऊ. प्रयोगशाळेतल्या बाईंनी तो सरळ बाजूला ठेवला. ‘डॉक्टर, यात डोळा किती आणि रक्त किती, ते तुम्ही सांगणार का?’ मी गप्प. रक्तात प्रथिनं इतकी जास्त असतात, की एवढ्याशा रक्तानेही सगळा हिशोब बिघडतो. मधुमेहात तर रक्त आणि पडदा यांच्यामधला बांधच गळका झालेला असतो. एखादं प्रथिन वाढलेलं दिसलं, तर ते पडद्याने बनवलं की रक्तातून झिरपलं, हा प्रश्न सुटल्याशिवाय आकड्यावर उड्या मारण्यात अर्थ नाही. म्हणून बरेच संशोधक सोबत अल्ब्युमिन नावाचं प्रथिनही मोजतात. ते मुख्यतः रक्तातूनच येतं, त्यामुळे गळती किती हे समजतं.

या पाण्यातून मिळालेलं ज्ञान मात्र थोर आहे. ऑक्सिजन कमी पडलेला पडदा कसला तरी पदार्थ सोडतो आणि त्यामुळे नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या उगवतात, असा तर्क नेत्रतज्ज्ञ मायकेलसन यांनी 1948 मध्ये मांडला होता. तो पदार्थ डोळ्यातल्या द्रवात मोजून दाखवला गेला 1994 मध्ये. नेत्रतज्ज्ञ आयेलो आणि सहकाऱ्यांनी 164 रुग्णांचे 210 नमुने तपासले. तो पदार्थ म्हणजे व्हीईजीएफ, रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन. लेझर उपचार यशस्वी झालेल्या डोळ्यांत त्याचं प्रमाण 75 टक्क्यांनी उतरलं होतं. आईंना मिळणारी इंजेक्शनं बहुधा याच प्रथिनाला अडवणारी असतील.

पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मधुमेही पडदाविकाराच्या 136 नमुन्यांपैकी 69 मध्येच व्हीईजीएफ सापडलं. आजार शांत असेल तर ते कमी असतं, हे त्याचं एक कारण. उलट, नव्या रक्तवाहिन्यांचा आजार नसलेल्या 31 पैकी 2 नमुन्यांतही ते होतं. शंभर डोळ्यांची सरासरी खरं बोलते, पण एकट्या आईंच्या डोळ्याबद्दल तो आकडा छातीठोकपणे काही सांगत नाही. शिवाय यात व्हीईजीएफ एकटं नाही. इंटरल्युकिन-6, इंटरल्युकिन-8, अँजिओपोएटिन-2 अशी दाह आणि गळती वाढवणारी बरीच मंडळी आहेत. काहींची सूज नुसतं व्हीईजीएफ अडवून उतरत नाही, स्टेरॉइडने उतरते, ती बहुधा यांच्यामुळेच. तेव्हा पुढचं औषध या रिपोर्टवर ठरणार नाही. ते ठरेल ओसीटी स्कॅनमधली (प्रकाशाने पडद्याचे थर दाखवणारी तपासणी) पडद्याची जाडी आणि आईंना तक्त्यावर किती ओळी वाचता येतात, यावरून.

मग सही करावी का? मी असतो तर केली असती, पण दोन गोष्टी विचारून. नमुना इंजेक्शनच्या आधी काढणार ना? आणि आधीच्या औषधाचा अंमल डोळ्यात शिल्लक असेल तर तो हिशोबात कसा धरणार? ते औषध व्हीईजीएफला चिकटून बसतं आणि मोजणी फसवू शकतं. उत्तर नीट मिळालं तर काम गंभीरपणे चाललंय असं समजा. सही केली नाही तरी उपचारात फरक पडता कामा नये, हा आईंचा हक्क आहे.

आणि आईंना हेही सांगा. बॉस्टनच्या जोस्लिन या मधुमेह केंद्रामध्ये 50 हून अधिक वर्षं टाइप 1 मधुमेह असलेल्या लोकांचा अभ्यास झाला. त्यातल्या काहींचे पडदे इतक्या वर्षांनंतरही शाबूत होते. त्यांच्या डोळ्यातल्या द्रवात आरबीपी-3 नावाचं, प्रकाश टिपणाऱ्या पेशींनी बनवलेलं प्रथिन जास्त आढळलं. हे 2019 मध्ये छापून आलं. आजार करणारं प्रथिन सगळेच शोधत होते, इथे राखण करणारं सापडलं. असे थेंब देणारे लोक होते, म्हणून.

प्रश्न : अश्रू तपासून मधुमेहाचा डोळ्यावरचा परिणाम कळतो, असं ऐकलं. मग बाहुली मोठी करून होणारी वार्षिक तपासणी बंद केली तर चालेल का? ते थेंब मला नकोसे वाटतात.

उत्तर : चालणार नाही. कागदी पट्टीवर अश्रू टिपून प्रथिनं मोजण्याचे प्रयत्न चालू आहेत, पण अश्रू येतात अश्रुग्रंथीतून आणि आजार असतो मागच्या पडद्यात. त्यात मधुमेहींचे डोळे बरेचदा कोरडे असतात, आणि तेवढ्यानेही अश्रूंची घडण बदलते. टाइप 2 असेल तर निदान झाल्याबरोबर पडदा तपासायचा, टाइप 1 असेल तर पाच वर्षांच्या आत, आणि पुढे साधारण दरवर्षी. गरोदरपणात तर सुरुवातीलाच. थेंबांनी काही तास धूसर दिसतं आणि ऊन बोचतं, एवढंच. काळा चष्मा न्या, आणि परतताना गाडी दुसऱ्या कुणालातरी चालवू द्या.