२०२१ची बीएमडब्ल्यू एम३४०आय आहे, डीएमई (इंजिन चालवणारा संगणक) लॉक आहे म्हणतात. उघडून ट्यून करून घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की ट्यूनर डीएमई काढून न्यायचा म्हणतोय, पन्नास-साठ अश्वशक्ती वाढवून देतो म्हणतोय, आणि तुम्हाला यात काहीतरी गडबड वाटतेय. माझी गाडी त्याच सालची आहे आणि मी हे करून बसलोय, म्हणून सांगतो.

ट्यूनर खोटं बोलत नाहीये. बाकीच्या गाड्यांत ज्याला इसीयू म्हणतात, तोच डबा म्हणजे बीएमडब्ल्यूवाल्यांच्या भाषेत डीएमई. साधारण जून २०२० पर्यंतच्या गाड्यांना स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला (गाडी तपासायच्या सॉकेटला) वायर लावली की मॅप, म्हणजे इंजिनच्या सेटिंग्जची नवी फाइल, आत जायची. त्यानंतरच्या गाड्यांत कंपनीने ते दार बंद केलं. आत येणाऱ्या सॉफ्टवेअरवर कंपनीची डिजिटल सही नसेल तर डीएमई ते घेतच नाही. फिनलंडच्या फेम्टो कंपनीने यावर तोड काढली. डबा गाडीतून काढून, टेबलावर ठेवून त्याचं कुलूप एकदा उघडलं की पुढचे मॅप पुन्हा ओबीडीतूनच जातात. तोवर गाडी ठप्प. दुसरा डबा आणून लावू म्हणाल तर गाडीच्या इमोबिलायझरशी (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेशी) जुळणार नाही, त्यामुळे तुमचाच परत यायला हवा.

पण कुलपाची काळजी सोडा, पेट्रोलचं बोला.

माझा मॅप १०० ऑक्टेनच्या पेट्रोलवर बेतलेला होता (ऑक्टेन जितका जास्त, तितकं पेट्रोल दाबाखाली आपोआप पेटत नाही). ट्यूनरने ते नीट सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुण्यात इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं एक्सपी१०० मिळतं, तेच भरत होतो, गाडी उडत होती. एकदा कोल्हापूरला निघालो, शिरवळला साधं पेट्रोल भरलं. खंबाटकीचा चढ लागला आणि गाडीचा जीवच गेला. बायको म्हणाली, "यासाठी एवढे पैसे घातलेस?" घाट चढून बाजूला थांबलो आणि मोबाइलवरचा लॉग उघडला, तर तिसऱ्या सिलिंडरचं टायमिंग करेक्शन (ठिणगीच्या वेळेतला बदल) उणे सहा अंश. म्हणजे टर्बो जास्त हवा कोंबतोय, कमी ऑक्टेनचं मिश्रण आपल्या मनाने पेटतंय, नॉक सेन्सरला ती टकटक ऐकू येतेय आणि डीएमई बिचारा ठिणगी मागे मागे ढकलतोय. या गाडीतलं बी५८ दणकट इंजिन आहे म्हणून निभावलं. उरलेला रस्ता पाय हलका ठेवून गेलो.

परत आल्यावर ९५चा मॅप करून घेतला. ताकद थोडी कमी, झोप चांगली.

करायचंच असेल तर तुमच्या डीएमईतल्या मूळ फाइलची प्रत आधी हातात घ्या. फ्लॅश करताना (नवी फाइल आत टाकताना) बॅटरीला चांगला चार्जर लावलेला आहे ना ते स्वतः बघा. मध्येच व्होल्टेज पडलं तर डबा मेलाच समजा. सर्व्हिसिंगला देताना जॉब कार्डवर "सॉफ्टवेअर अपडेट करू नये" असं लिहून घ्या, नाहीतर मॅप पुसला जातो आणि कुलूपही परत लागू शकतं. इंजिन-गिअरबॉक्सच्या वॉरंटीवर मात्र पाणी सोडा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीतल्या फेरबदलांबद्दलचं) आणि इन्शुरन्सची अट दोन्ही वाचा. ट्यूनर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढू या म्हणाला तर सरळ नाही म्हणा.

तुम्ही कुठे राहता ते लिहिलं नाहीये. जवळच्या पंपावर बारा महिने ९५ तरी मिळतं का, ते आधी बघून या.