कोरियन 'बोदा' म्हणजे 'बघणे', मग खाण्याच्या वाक्यात ते कशाला येतं?

कारण आपण मराठीत अगदी हेच करतो. 'खाऊन बघ', 'घालून बघ', 'विचारून बघ' यातल्या 'बघ'चा डोळ्यांशी काही संबंध नाही ना? कोरियनमध्येही तसंच. 'मॉक्ता' म्हणजे खाणे, त्याचं 'मॉगॉ' झालं की पुढे 'बोदा'. 'मॉगॉ बोसेयो' म्हणजे 'खाऊन बघा'. कपड्यांच्या दुकानात 'इबॉ बोसेयो' म्हणजे 'घालून बघा'. क्रमसुद्धा तोच: आधी मूळ क्रिया, मग बघणे. इंग्रजीतून शिकताना हे अवघड वाटतं, म्हणून थेट मराठीतून विचार करा.

भूतकाळात मात्र जपून. 'जेजुदोए गा ब्वास्सॉयो?' म्हणजे 'जेजू बेटावर कधी गेला आहात का?' इथे 'जाऊन बघितलं का' असं शब्दशः घेऊ नका, विचारणारा अनुभवाबद्दल विचारतोय.

आणि 'प्रयत्न केला पण जमलं नाही' असं म्हणायचं असेल तर हे रूप चालत नाही. 'दार उघडून बघितलं' म्हटलं की दार उघडलंच, हे आपल्याला कानानेच कळतं. नुसत्या प्रयत्नासाठी 'यॉल्ल्यॉगो हेस्सॉयो', म्हणजे 'उघडायला गेलो'.

बाकी काही जोड्या सरळ पाठ करा: 'शिहॉम' म्हणजे परीक्षा, ती आपण देतो, कोरियन माणूस 'बघतो'. 'जांग बोदा' म्हणजे बाजार करणे. सुरुवात 'मॉगॉ बोसेयो'पासून करा, जेवणाच्या टेबलावर ते सारखं कानावर पडतं.